पांढरा पुठ्ठा आणि तसबीर

नांदेडच्या प्रयोगशाळेत तनुजा उंदरांच्या मेंदूतल्या दिशा ओळखणाऱ्या पेशी तपासायची. काळ्या पडद्यानं वेढलेल्या गोल रिंगणात उंदरासाठी खूण एकच, पडद्यावर लावलेला पांढरा पुठ्ठा. तो बाजूला सरकवला की पेशींची दिशाही त्याच्यामागं सरकते. जगभरातल्या उंदरांची सरकते. दसऱ्यापासून इथल्यांची मात्र सरकेना.

विभागप्रमुख अनंतराव सरांनी लगेच शोध लावला, की मराठवाड्याचा उंदीर खुणांवर विसंबतच नाही. लातूरच्या परिषदेत त्यावर भाषण ठोकून शाल-श्रीफळही घेऊन आले.

तनुजाला ते पटेना. एका दुपारी ती रिंगणात जाऊन उंदरासारखी खाली बसली, वर बघितलं, आणि तिचं डोकं सणकलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करताना सरांनी पडद्याच्या आत माहूरच्या रेणुकामातेची तसबीर टांगली होती. पूजा आटोपली, तसबीर तिथंच राहिली. रोज दिसायची म्हणून कुणाला दिसली नव्हती. पुठ्ठा फिरायचा, तसबीर हलायची नाही, आणि उंदीर तसबीर धरून बसलेले.

तिनं नमस्कार करून तसबीर बाहेर टेबलावर ठेवली. पुठ्ठा फिरवला, तशी पेशींची दिशा मुकाट फिरली.

"सर, उंदीर इतके दिवस तसबीर बघून राहिले होते," आलेख पुढं करत ती म्हणाली.

सरांनी आलेखाकडं बघितलंही नाही. "देवीला कुणी काढलं?"

दुसऱ्या दिवशी तसबीर परत जागेवर होती, ताज्या हारासकट. तनुजानं पुठ्ठा फिरवला. पेशी ढिम्म हलल्या नाहीत.

मागून सर म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?"