मागून पाहिलेला डावा हात

आमच्या बँडमध्ये मी हमाल. वाजवणारे चौघं, उचलणारा मी एकटा. सत्तर सालानंतरचे ते दिवस. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खायचं. लोक मध्येच उठून चहा पिऊन यायचे, तरी बाराबोट्याचा ऑर्गन चालूच. हे नाव आम्हीच ठेवलेलं. बोटं दहाच, पण ऐकताना पटायचं नाही. चमचमता झगा घालून तो त्या कपाटाएवढ्या ऑर्गनला असा गदागदा हलवायचा, की पडू नये म्हणून मी मागून छाती लावून उभा. लोकांना झगा दिसायचा, मला त्याची बोटं.

परवा त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबांना माझ्याकडे नेतेय. तिकडे जागा नाही, ऑर्गन संगीतशाळेला दिला. उतरवायला तुम्हीच या, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत."

गेलो. टेम्पो दारात लागलेला. बाराबोट्या ऑर्गनसमोर बाकावर. झटका आल्यापासून डावा हात मांडीवर नुसता पडलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"न्यायच्या आधी लांबडं वाजवायचंय," तो म्हणाला. लांबडं म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गाणं.

"रेकॉर्ड लाव की."

"रेकॉर्ड नको. ह्याच्यातून पाहिजे. उजवा माझा आहे, डावा तू कर."

"अरे, मी हे धूड उचललं लेका, वाजवलं कधी?"

"मग इतकी वर्षं टक लावून काय बघत होतास? माझी अंगठी?"

खरं सांगायचं तर तो डावा मला तोंडपाठ होता. गाडी चालवताना स्टिअरिंगवर वाजवायचो. पण हे त्याला कोण सांगणार?

मुलीनं बटण दाबलं. आतली मोटर घरघरली, तापलेल्या धुळीचा तो जुना वास आला. त्याच्या शेजारी बसलो, हात टाकला. कोंबडीच्या पिलासारखं चिंचिं झालं.

"गाढवा, खालचे सूर ह्या टोकाला."

पुन्हा तेच. हात आपोआप भलत्या टोकाला पळायचा. मुलगी तोंडावर पदर धरून हसत होती. तो नाही हसला. उजव्या हातानं त्यानं झाकण ओढलं.

"राहू दे. उतरवा."

त्याचं तोंड बघवेना. उठून सवयीनं मागं गेलो, उचलायला वाकलो, छाती लाकडाला लागली, आणि तिथून पट्ट्या दिसल्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी ते सगळं इथून बघून, उलटंच शिकलो होतो.

"झाकण काढ," म्हटलं. वरून हात लांबवला. ते खोल, घुमणारे सूर बरोब्बर लागले. जमीन हलली बघा.

तो बघतच राहिला. मग उजवा हात वर आला. वयानं दोन बोटं आखडलेली, निम्मे सूर गळत होते, पण वळणं तीच. टेम्पोवाला जिन्यात येऊन उभा राहिला, घाई कर म्हणाला नाही.

मध्ये एक जागा आहे, जिथं बाकी सगळे थांबायचे आणि ड्रम एकटा घुसायचा. आम्ही दोघं थांबलो. ड्रमवाल्याला जाऊन बरीच वर्षं झाली. खोलीत फक्त मोटरची घरघर.

"लेकाचा ह्या जागेला नेहमी उशीर करायचा," बाराबोट्या म्हणाला.

थोडी वाट बघितली त्याची. मग मी डावा पुन्हा धरला.