हळू म्हटलेलं 'नाही'

गाण्याच्या बाईंचा सगळा जन्म दोन शब्दांत गेला होता: "गळा उघडा!" पोरं तोंडातल्या तोंडात पुटपुटली की त्या म्हणायच्या, "देवानं गळा दिलाय तो काय मफलर गुंडाळायला?" अशा बाईंनी एकच धडा कुजबुजत शिकवला, आणि नेमका तोच अंगाशी आला.

धडा होता अंगाचाच. आपलं अंग आपलं. झाकल्या जागी कुणी हात लावला तर मोठ्यानं 'नाही' म्हणायचं, तिथून निघायचं, विश्वासाच्या माणसाला सांगायचं. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, कुरकुरत परवानगी दिली होती. "पण दार लावून हं. आणि हळू. व्हरांड्यातून पालक येत-जात असतात, नसता बभ्रा नको." मग काय, दुसरीच्या पोरांनी 'नाही'चा सराव बंद दाराआड केला, मुंगीला ऐकू जाईल न जाईल एवढ्या आवाजात.

एके दिवशी मधल्या सुट्टीत भिंगरी बाकावरून उठलीच नाही. एरवी तिला जागेवर बसवायला दोन माणसं लागायची. नाव काय उगाच पडलं होतं?

बाई शेजारी टेकल्या. "काय गं, चावी संपली?"

"बाई, मी म्हटलं 'नाही'."

"कुणाला, बाळा?"

"व्हॅनच्या काकांना. सगळी उतरली की मला पुढे बसवतात. फ्रॉकमध्ये हात घालतात." तिनं फ्रॉकची कड मुठीत धरली. "मी म्हटलं. तुम्ही शिकवलंत तसंच, हळू. त्यांना ऐकूच गेलं नाही. माझं चुकलं?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "तुझं काही म्हणजे काही चुकलं नाही. सांगितलंस ना मला? वाघीण आहेस. चुकलं माझं."

त्यांनी फोन करून तिच्या आईला बोलावलं, आई येईपर्यंत पोरीचा हात सोडला नाही आणि मग तडक मोठ्या बाईंची खोली गाठली.

"शाळा सुटली की ती व्हॅन फाटकाशी लागेल. त्याआधी पोलिसांना कळवायचंय."

सगळं ऐकून मोठ्या बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "अहो, जरा दमानं. उद्यापासून ड्रायव्हर बदलते ना गुपचूप. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत पोर चिरडतंय, बाई! आणि इथून हाकललात की तो दुसऱ्या शाळेच्या फाटकाशी उभा."

"नोकरी जाईल तुमची."

"नोकरी तुम्ही दिलीत, घ्या परत. गळा देवानं दिलाय."

आणि बाईंनी त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून पोलिसांना लावला. संध्याकाळी व्हॅन फाटकाशी आली, पण तिच्यात एकही पोर चढलं नाही. ड्रायव्हर तेवढा पोलिसांच्या गाडीत चढला.

काही दिवसांनी भिंगरी आईचं बोट धरून परत आली. आई मागच्या बाकावर बसली. बाईंच्या पर्समध्ये शाळेची नोटीस होती. त्यांनी पर्स खुंटीला अडकवली, दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून स्टूल लावलं.

"म्हणा!"

"नाही," पोरं सवयीनं कुजबुजली.

"आजारी आहात का सगळी? पोटातून येऊ दे! गळा उघडा!"

"नाही!" खिडक्यांची तावदानं थरथरली. शेजारच्या वर्गातून कुणीतरी पोर उगाचच ओरडलं, "नाही!"

मोठ्या बाई धावतच आल्या. स्टूल सरकवत दाराला हात घातला. "बाई, काय हे! हळू घ्या!"

गाण्याच्या बाई उत्तर द्यायला वळल्या. पण त्यांच्याआधी भिंगरी बाकावर उभी राहिली होती.

"नाही!"

मोठ्या बाईंचा हात दारावरच थबकला. यावेळी ऐकू गेलं होतं.