बिनवाशाचं छप्पर

पॅनलच्या पोटात काय असतं ते बघायला मी नखानं उकरत होते, आणि शैलेशदादा नेमके तेव्हाच मागे येऊन उभे राहिले.

पडघ्याच्या पुढे नवीन गोदाम उभं राहत होतं. मी तिथं झाडलोटीच्या कामाला. माझा पोरगा विकीही त्याच साईटवर, पण त्याचा मान मोठा, तो वर चढून छपराची पॅनलं बसवणाऱ्या गँगमध्ये. शैलेशदादा टेमघरचे, साईटचे सुपरवायझर. मला वाटलं, आता गेली हजेरी. पण ते नुसते हसले आणि म्हणाले, मावशी, ते खायचं नसतं. त्यांना काय माहीत, एक कण मी आधीच जिभेला लावून थुंकले होते. काय करू, माझा स्वभावच तसला. झाकलेलं काही दिसलं की उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत न्हाय. आई म्हणायची, सखीला जाळं टाकून धरायची गरज न्हाय, नुसतं झाकण घातलेलं मडकं ठेवा.

तर त्या पॅनलला वर पत्रा, खाली पत्रा, आणि मधे पुरणपोळीत पुरण असावं तसा पिवळा, कोरडा, घट्ट फेस. एवढं जाड, पण उचलायला हलकं. मोठ्या गोदामाच्या छपराखाली लोखंडाचे गर्डर तरी दिसत होते. गेटाजवळच्या ऑफिसच्या खोलीवर मात्र पॅनल एका भिंतीवर टेकवलं, ते सरळ दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसलं. त्याला चिकटून दुसरं, मग तिसरं. मी वाट बघत राहिले की आता वासे येतील, आडवी लाकडं येतील. काही आलं न्हाय. झाली खोली.

"दादा, वासे राहिले की तुमचे," मी म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं. पत्रा एकटा वाकतो, फेस एकटा मोडतो. पण दोन पत्रे आणि मधला फेस एकमेकांना असे चिकटवलेत की तिघं मिळून एक होतात, मग वाकत न्हाईत. छप्पर तेच, वासा तोच, पाऊस आणि ऊन अडवणारंही तेच. म्हणजे तीन माणसांचं काम एकाच्या अंगावर, घरातल्या सुनेवानी. हे मी मोठ्यानं बोलले आणि विकीनं वरून डोळे वटारले, कारण सुनेचा विषय तेव्हा आमच्याकडे नाजूक होता.

आमची सून रिया बाळंतपणाला तिच्या आईकडे टेमघरला गेली होती. जाताना मला स्पष्ट सांगून गेली. आमच्या घराच्या भिंती मागेच विटांच्या झाल्या, पण छप्पर तेवढं आजेसासऱ्याच्या वेळचं. कौलं गळायची, वाशांचा भुगा ताटात पडायचा. मधलं आढं, म्हणजे ज्या मोठ्या लाकडावर दोन्हीकडचे वासे टेकतात ते, एका टोकाला वाळवीनं खाल्लेलं. रिया म्हणाली, आई, या छपराखाली मी पोर आणणार न्हाय, आधी छप्पर बदला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण ती चूक काय बोलली? मागच्या पावसात पोटुशी असताना ती डोक्यावर प्लास्टिक घेऊन झोपली होती.

दुसरीकडे माझा म्हातारा, विकीचा बा, जान्या. त्याचं वेगळंच. आमच्या घराण्यात पोराला नाव ठेवायचं ते झोळीत ठेवून, आणि झोळी बांधायची ती घराच्या आढ्याला. तोवर पोर म्हणजे पाहुणं. म्हाताऱ्याची स्वतःची झोळी त्या आढ्याला होती, त्याच्या बाची होती, विकीची मी माझ्या हातानं बांधली होती. म्हातारा म्हणाला, छप्पर काय वाटेल ते घाला, पण आढं न्हाय तर झोळी न्हाय, आणि झोळी न्हाय तर या घरात नाव ठेवणं न्हाय.

आता सांगा, मी काय करायचं? आढं ठेवलं तर सून येत न्हाय, काढलं तर म्हातारा नातवंडाला घरचं मानत न्हाय. मला तर ते पोर माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर झोपलेलं बघायचं होतं. बाकी मला कुणाचं काही पडलं नव्हतं.

टेमघरला रियाला मुलगी झाली. त्याच सुमाराला साईटवर ट्रकमधून उतरवताना काही पॅनलांचे कोपरे दबले. ती गोदामावर चालणार नव्हती. शैलेशदादांनी मालकाशी बोलून ती विकीला मिळवून दिली. विकीनं आणि त्याच्या गँगनं आमची एक भिंत उंच केली, जुनं सगळं उतरवलं, आणि उंच भिंतीवरून बुटक्या भिंतीवर पॅनलं टाकून दिली. सकाळी सुरू केलं, दिवस मावळायच्या आत डोक्यावर छप्पर. पाड्यावरच्या बाया बघायला आल्या. बकुळा, माझी जाऊ, तिची जीभ म्हणजे कोयता. ती म्हणाली, सखे, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मी म्हणाले, बघ की वर, वासेच न्हाईत, फिरणार काय कपाळ?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी बाजेवर चढून खालच्या पत्र्याला तळहात लावला. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आणि पत्रा माठासारखा गार. मी दहादा हात लावून बघितला. मला इतका आनंद झाला की म्हाताऱ्याला हाका मारून आत बोलावलं, आणि तीच चूक झाली.

आमचा म्हातारा म्हणजे सगळ्या पाड्याचा लाकडाचा डॉक्टर. कुणाचंही घर असो, आधी जान्याला बोलवायचं. तो काठीनं लाकूड वाजवतो आणि कान देतो. चांगलं सागवान ठण बोलतं. आतून खाल्लेलं लाकूड ढब बोलतं. तो आत आला, माझ्या गार पत्र्याकडे बघितलंही न्हाय, आणि काठीनं छपराला खालून ठोकलं.

ढब.

चार पावलं सरकून परत ठोकलं. ढब. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढब ढब ढब.

"वाळवी हाय आत," म्हातारा म्हणाला. "सगळं पोकळ."

विकी हसला, आणि म्हातारा बाज उचलून बाहेर आंब्याखाली गेला. तिथंच त्यानं उतरवलेलं आढं ठेवलं होतं, त्याच्या शेजारी आडवा झाला. मग काय, पाड्यावरचा सोमा आला, महादू आला, जो तो काठी घेऊन येतोय, ठोकतोय, आणि ढब ऐकून मान हलवत जातोय. मी ओरडून सांगत होते, अरे, फेस हाय आत, मी चाखून बघितलाय! पण खरं सांगू का, काठी माझ्या हातात घेऊन मीही एकदा ठोकलं, आणि तो आवाज ऐकून काठी खाली टाकली. जन्मभर ज्या आवाजाला भ्यायलो, तो नवीन घरात ऐकायचा म्हणजे काय!

शेवटी विकीनं शैलेशदादांना बोलावलं. ते सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून आले, सगळं ऐकलं, हसले न्हाईत. म्हणाले, काका, कानानं नको, डोळ्यानं बघा. त्यांनी शिडी लावली, स्वतः वर गेले आणि पाड्यावरच्या गड्यांना एकेक करून वर बोलावलं. सोमा गेला, महादू गेला, पोटाचा घेर सांभाळत बाबू गेला. दहा गडी झाले. दादांनी त्यांना छपरावर पांगून उभं राहायला सांगितलं, मग हळूहळू चालायला लावलं.

सगळे म्हणाले, सखे, बाहेर ये. मी कशाला येते! छप्पर वाकतंय की न्हाय हे खालूनच दिसणार ना. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले, मान वर करून. डोक्यावर दहा माणसांचे पाय वाजत होते आणि पांढरा पत्रा होता तसाच सरळ. मी ठरवलं होतं, पडलं तर पडू दे माझ्यावर, पण डोळा मिटायचा न्हाय.

म्हातारा दारात उभा होता. त्यानं सगळं बघितलं, मग काठी भिंतीला टेकवली.

"बरं," तो म्हणाला. "मार वर हूक. झोळी बांधू."

माझा जीव भांड्यात पडला. आढं न्हाय तर न्हाय, म्हातारा छपराला आढं मानायला तयार झाला होता! पण शैलेशदादांचं तोंड उतरलं. ते शिडीवरून खाली आले, हात झटकले, आणि म्हाताऱ्यासमोर उभे राहिले.

"काका, वर दहा माणसं चालतील," ते म्हणाले. "पण खाली झोळी नाय टांगायची."

कुणाला काही समजेना. त्यांनी परत सगळं फोड करून सांगितलं. वरचं वजन पसरतं, अख्खं पॅनल मिळून ते झेलतं. पण खाली हूक मारला तर तो खालच्या पत्र्यालाच धरणार, आणि तो पत्रा किती, तर डब्याच्या झाकणाएवढा पातळ. झोळी हलली की सगळी ओढ त्या एकाच जागी. आज न्हाय तर उद्या पत्रा फेसापासून सुटणार. पोर खाली.

मला ते इतकं नवल वाटलं, की वाईट वाटायचंही थोडा वेळ विसरले. म्हणजे बाबूसारखा बाबू चालतो आणि तळहाताएवढं लेकरू चालत न्हाय! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, ते हेच.

म्हाताऱ्यानं काठी परत उचलली. "दहा माणसं पेलतं आणि घरातलं एक पोर पेलत न्हाय," तो म्हणाला, "त्याला मी घर कसं म्हणू?"

आणि आंब्याखाली गेला. विकी म्हणाला, भिवंडीच्या बाजारातून लोखंडी स्टँडचा पाळणा आणतो. म्हातारा तिथूनच बोलला, मग नावही बाजारातूनच आण. विकीनं चिडून रियाला फोन लावला, आणि ती बिचारी तरी काय बोलणार. म्हणाली, तुमचं बापलेकाचं मिटेपर्यंत मी टेमघरलाच बरी. नाव इथंच ठेवू. फोन स्पीकरवर होता, मागं पोर रडत होतं. माझ्या नातीचा आवाज मी पहिल्यांदा असा ऐकला. मला रडूच फुटलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

तशीच रागात मी आंब्याखाली गेले. म्हाताऱ्याला दोन शब्द सुनवायचे होते, पण तो पाठ करून झोपला होता. मग मी आढ्यावर राग काढला. त्याची काठी घेतली आणि खाल्लेल्या टोकावर हाणली. ढब. तुझ्यामुळे झालं सगळं. ढब. माझं घर फोडलंस. ढब. बोलत बोलत मी पुढे सरकत होते, ठोकत होते.

ठण.

मी थांबले. परत ठोकलं. ठण. पुढे गेले, ठण, अजून पुढे, पार दुसऱ्या टोकापर्यंत ठण. वाळवीनं एकच टोक खाल्लं होतं. बाकी सागवान होतं तसं होतं. मी वळून बघितलं तर म्हातारा उठून बसला होता, कान टवकारून.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "पण पुरायचं न्हाय."

ते खरं होतं. विकीनं सडलेलं टोक करवतीनं उडवलं आणि उरलेलं आत आणून धरलं, तर या भिंतीवर टेकलं की त्या भिंतीला हातभर कमी पडत होतं. म्हातारा तोंड फिरवून निघाला. मी त्याला थांबवलं. मी खोलीकडे बघत होते, वर, खाली, कडेनं. छप्पर तर स्वतःला स्वतः सांभाळतंय. म्हणजे या लाकडानं छपराला टेकू द्यायची गरजच न्हाय. मग ते मधोमध कशाला हवं? समोरासमोरच्या भिंतींना पुरत न्हाय, पण शेजारशेजारच्या दोन भिंती तर कोपऱ्यात एकमेकींना भेटतात.

"तिरकं लाव," मी विकीला म्हणाले. "कोपऱ्यावर."

विकीनं शैलेशदादांना विचारून घेतलं. ते म्हणाले, बिनधास्त लावा, फक्त पॅनलला टेकवू नका. दोन्ही भिंतींना खोबणी पाडल्या, लाकडाची टोकं आत घातली, सिमेंट भरलं. म्हातारा सिमेंटला हात लावून लावून बघत तिथंच इतका घुटमळत होता, की हा ते वाळू देतोय की न्हाय असं वाटावं.

विकीनं रियाला फोन करून सांगितलं, नुसतं बघायला तरी ये. ती आली तेव्हा ऊन तापलं होतं. बरोबर तिची आई होती, आणि रिक्षावाल्याला रियानं थांबायला सांगितलं होतं. पिशव्या रिक्षातच. मी ते बघितलं. ती आत आली, वर बघितलं, मग मी दाखवलं तशी बाजेवर चढून पत्र्याला हात लावला. तिच्या तोंडावरचा घाम हळूहळू वाळला. मग ती म्हाताऱ्याकडे बघत राहिली.

म्हाताऱ्यानं बाजेवर उभं राहून माझं जुनं लुगडं आढ्याला बांधलं, गाठ तीनदा ओढली. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, दोन्ही हातांनी लाकूड धरून पाय वर घेतले आणि लोंबकळला. एवढा म्हातारा माणूस, माकडासारखा! रिया तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. तो खाली उतरला, धोतर झटकलं, आणि पोरीला घ्यायला हात पुढे केले.

रियानं पोर दिलं. त्यानं झोळीत ठेवलं, वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, मेघाली, आणि एक झोका दिला. आढं जरासुद्धा कुरकुरलं न्हाय. पोरगी दोन जांभया देऊन झोपून गेली.

आढं आणि छप्पर यांच्यामधे ओंजळभर फट राहिली होती. म्हातारा पुन्हा बाजेवर चढला आणि त्या फटीत हात घालून इकडून तिकडे फिरवू लागला. मला वाटलं, परत काही खोट काढतोय.

"माझ्या आज्यापासून हे लाकूड आख्खं घर उचलत होतं," तो म्हणाला. "आता हिला झुलवण्याशिवाय त्याला काही काम न्हाय."

रियानं ते ऐकलं. ती बाहेर गेली, पिशव्या उतरवून घेतल्या, आणि रिक्षावाल्याला म्हणाली, तू जा.