शांतीचा खुबा

वडखळच्या नाक्यावर जनूची एम-एटी गाडी घसरली तेव्हा त्याची बायको शांती मागे बसली होती. जनूचं कोपर खरचटलं. शांतीचा खुबा मोडला. मुंबईच्या सरकारी इस्पितळात तो काढून धातूचा बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही. सांधा निखळेल." शांतीने सगळं पाळलं. रोह्याच्या दोन खोल्यांत ती भांडीसुद्धा उभ्यानेच घासायची.

दोन वर्षांनी, चौऱ्याण्णव साली, तिसरी मुलगी झाली. आता पुरे, असं दोघांनीही ठरवलं.

"तुमीच ऑपरेशन करून घ्या ना," शांती म्हणाली. "पुरुषांचं सोपं असतं. माझ्या खुब्याचं तुमाला ठावं हाय."

जनू धाटावच्या एका केमिकल कंपनीत होता. "मला पिंपं उचलायला लागतात. आन् शिफ्टमधले लोक हसतील ते येगळंच."

सासू हौसा आतून म्हणाली, "घरातल्या पुरुषाला कापायला धाडतंस काय गो? बायांचं आता दुर्बिणीनं होतं. एवढंसं भोक."

मार्च संपत आला होता आणि सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंच्या यादीत नसबंदीच्या वर्षाच्या आकड्याला केसेस कमी पडत होत्या. त्यांनीच शांतीला जीपमध्ये बसवून एका शाळेतल्या कॅम्पला नेलं. वर्गात चाळीस बायका जमिनीवर बसल्या होत्या. शांती भिंतीला टेकून उभी राहिली. तिने मुंबईचा कागद पुढे केला.

"बाई, माझा पाय वर घ्यायचा नाय. यात लिवलंय."

"पायाचं नाही गं, पोटाचं ऑपरेशन आहे," सिस्टरबाई म्हणाल्या आणि कागद पिशवीत ठेवला. "सांगते मी डॉक्टरांना."

सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. सुई टोचल्यावर शांतीला गुंगी आली. दोघांनी तिचे पाय उचलून पट्ट्यांत अडकवले. उजव्या खुब्यात खट् झालं. ती ओरडायला गेली, पण जीभ जड झाली होती. "हलू नका," डॉक्टर म्हणाले. दुर्बीण आत गेली, काम झालं, पुढची बाई आली.

संध्याकाळी सगळ्या बायका पोट धरून का होईना, चालत जीपपर्यंत गेल्या. शांतीला उठताच येईना. उजवा पाय आखूड होऊन आत वळला होता.

पेणच्या हाडांच्या डॉक्टरांनी भूल देऊन सांधा बसवला. महिन्याने ती कुशीवर वळताना तो पुन्हा निखळला. मग मुंबई. तिथे म्हणाले, आतली वाटी सैल झालीय. परत मोठं ऑपरेशन करावं लागेल आणि तरी चालता येईल असं सांगता येत नाही.

शांतीचा भाऊ कान्हू जोह्याला गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात होता. त्याने नुकसानभरपाईसाठी अर्ज लिहून दिला. सहा महिन्यांनी चौकशीला आरोग्य खात्याचे साहेब आले, सोबत सिस्टरबाई. हौसाने चहा केला.

"पोटाच्या टाक्यांचा काही त्रास?" साहेबांनी विचारलं.

"नाय."

"नंतर दिवस राहिले?"

"नाय, पण माझा पाय..."

"म्हणजे ऑपरेशन यशस्वी आहे," असं म्हणत त्यांनी लिहिलं आणि कागद जनूपुढे केला. "पाय आधीपासूनच अधू होता ना?"

शांती खाटेवरून नवऱ्याकडे बघत होती. जनूने सिस्टरबाईंकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"व्हय," तो म्हणाला. "आधीपासनंच." आणि सही केली.

साहेब गेल्यावर तो खाटेशी आला. "सरकारी माणसांशी भांडून पाय थोडाच बरा व्हणार हाय, शांते?"

दुसऱ्या दिवशी तिने कान्हूला बोलावून घेतलं. तान्ही तिच्यासोबत माहेरी जाणार होती. मोठ्या दोघी शाळेमुळे हौसाकडे राहणार होत्या. त्या दाराशी उभ्या राहून रडत होत्या.

रिक्षा आली. कान्हूच्या कडेवर तान्ही होती. शांतीला उचलायला जनूच पुढे झाला. तिने मान फिरवली. पण पडू नये म्हणून त्याच्याच गळ्यात हात टाकावा लागला, आणि रिक्षात नीट बसेपर्यंत तो सोडता आला नाही.