हरकत नसल्यास

जगभरातले लोक मिळून चालवतात अशा एका लिनक्स संगणकप्रणालीच्या कामाला चिखलीचा संघपाल फुकट राबायचा. सॉफ्टवेअर बांधताना छपाईची सोय हवी की नको, एवढं साधं विचारायलाही प्रत्येक पॅकेजात, म्हणजे सुट्या प्रोग्रामात, त्याच पर्यायाला वेगळंच नाव. वापरणाऱ्याने बसावं डोकं फोडत! संघपालने वर्षभर खपून चारशे पॅकेजांसाठी नावांची एकच यादी केली.

तिथला रिवाज असा, की सात दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मंजूर. सगळे मूग गिळून बसले. त्याने नावं बदलली, तेव्हा कुठे जुन्या खोडांना कंठ फुटला. त्यांच्या म्होरक्याने एका दुपारीत सगळं पूर्ववत केलं.

सहा महिन्यांनी त्याच म्होरक्याचा प्रस्ताव आला. यादी तीच, संघपालच्या चुकांसकट. मांडणारा म्हणून नाव मात्र म्होरक्याचं. आयत्या बिळावर नागोबा.

"तुमी काऊन चूप बसले? घ्या ना हरकत!" बायको मंजुश्री भडकली.

"घेतली तं माहीच यादी पडते."

आठव्या दिवशी म्होरक्याने सगळ्यांना कळवलं, "प्रस्ताव मंजूर. कोणाचीच हरकत नव्हती, संघपालचीसुद्धा नाही."