दुसरीचा कान

लेक झाल्यावर सुटलेला ब्रश तिने तीन वर्षांनी धरला होता, तोही प्रथमच पैसे ठरवून. चित्र बेकरीवाल्या काकांच्या नातीचं होतं. काका चष्मा चढवून ते न्याहाळू लागले.

"हा कान आमच्या चिमणीचा नाही गं."

तिने कडेवरच्या लेकीकडे पाहिलं. तोच टोकदार कान!

"अगंबाई, हिचाच उतरलाय की! पैसे राहू द्या, काका."

"वेडी की काय! कान तेवढा परका वाटला, म्हणजे बाकी पोर हुबेहूब आमचीच. तो बदल आणि धाकट्या नातवाचंही काढ. एका जागी बसत नाही मेला, त्याचे जास्त घे."

"घेईनच," ती म्हणाली आणि स्वतःच्याच धिटाईला हसली.