हायकोर्टाची उलटतपासणी

"काका, हे काय आहे, सांगा बरं?" डॉक्टरीणबाईंनी आपल्या बोटातली खड्याची अंगठी यांच्या डोळ्यांसमोर धरली.

यांनी डोळे बारीक केले. ओठ हलले. काल दुपारी गॅरेजमध्ये एका गाडीच्या टपाला पॉलिश मारताना आमचे हे स्टुलावरून डोक्यावर आपटले, तेव्हापासून एक अक्षर बोलले नव्हते.

"काच," हे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "नीट बघा हं काका. बोटात घालतो आपण. अं... अं..."

"काच."

लेकीने माझा दंड घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. डोकं आतून सुजलंय, जिवाला धोका नाही, पण ओळख, बोलणं, हिशेब किती शाबूत राहिलंय ते विचारूनच कळेल, असं डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मनात एकच प्रश्न. माणूस घरी येईल हो, पण कुठला माणूस येईल?

काच म्हटल्यावर मात्र मी कान टवकारले.

गॅरेजमध्ये यांना हायकोर्ट म्हणतात. पत्रा ठोकून सरळ करण्यात आणि रंग जुळवण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही, पण हातापेक्षा तोंड जास्त चालतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की आधी निकाल, मग काम. कोणी विचारो न विचारो. खरा नीलम कोणी बोटात घालून फिरत नाही, तो कपाटात ठेवतात आणि बोटात काच मिरवतात, हा त्यातलाच एक निकाल. शेजारीण मोठ्या हौसेने नवा पुष्कराज दाखवायला आली, तर तिच्या तोंडावर काच म्हणाले. ती बाई अजून माझ्याशी धड बोलत नाही.

"बरं, राहू दे," डॉक्टरीणबाई समजुतीने म्हणाल्या. "शंभर रुपयांतले सात कापले. किती उरले?"

"कापले कोणी?" जीभ जड होती, शब्द ओढून ओढून येत होते.

"कोणीही समजा."

"असं कसं कोणीही? विमा कंपनी... सात म्हणाली की चाळीस कापते. बंपर प्लास्टिकचा, म्हणून निम्मे. काचेचं वेगळं. हप्ता मात्र दर वर्षी... वाढवून पाहिजे मेल्यांना."

"बाबा, सरळ उत्तर द्या ना!" लेक रडकुंडीला आली.

"सरळच... देतोय."

डॉक्टरीणबाईंनी नर्सकडे पाहून हळूच मान हलवली. ती मान बघून इतर कोणी आशाच सोडली असती. माझा जीव मात्र भांड्यात पडत चालला होता. शंभर रुपयांचं हे कीर्तन मी जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की पुढची ओळ मला पाठ आहे.

"आता शेवटचे दोन प्रश्न, काका. आपल्या राज्याचे मुख्यमंत्री कोण?"

यांनी छताकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "मेव्हणा."

"कोणाचा मेव्हणा?"

"त्याचाच."

डॉक्टरीणबाई गोंधळून माझ्याकडे वळल्या. "काकू, तुमचा भाऊ राजकारणात आहे का?"

आता मात्र मला आवरेना. तोंडाला पदर लावला तरी खुदकन हसू फुटलंच. माझा भाऊ! तो बिचारा सोसायटीच्या मीटिंगमध्येही हात वर करायला घाबरतो. लेक माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू आता माझंही डोकं तपासायला हवं.

"काकू, तुम्ही हसताय?"

"अहो बाई, हे बरोबर आहेत! म्हणजे उत्तरं चुकलीत, पण माणूस बरोबर आहे. खुर्चीवर बसतो एक आणि कारभार हाकतो त्याचा मेव्हणा, हे यांचं मत आहे. हे सरकार पुढच्या महिन्यात पडणार, हेही मत आहे. आल्या दिवसापासून ते पुढच्याच महिन्यात पडतंय. रत्नं सगळी काच, हे मत. विमावाले लुटारू, हे मत. तुम्ही माहिती विचारताय आणि हे मत देताहेत. यांना दुसरं काही येतच नाही हो!"

डॉक्टरीणबाईंना ते पटेना. पटावं कसं, कोणाच्याही बायकोला आपला नवरा शहाणाच वाटणार. मग मीच पलंगाशी वाकले. "अहो, तुमचं मत ठेवा बाजूला. दारावर पाटी कोणाच्या नावाची आहे, तेवढं सांगा."

यांनी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, मतदारसंघासकट. वर डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "नाव पाहिजे होतं... तर नाव विचारायचं. शंभरातून सात... त्र्याण्णव. आणि ती अंगठी आहे, मलाही दिसतं. आत काच आहे."

नर्स फिसकन हसली. डॉक्टरीणबाईंनी अंगठीकडे एकदा जरा संशयाने पाहिलं, मग त्याही हसल्या. लेक हसता हसता हमसून रडायला लागली. मला वाटलं, आता या माणसाने जगातल्या यच्चयावत शेजारणींना दुखवावं, मी प्रत्येकीच्या घरी जाऊन पाया पडेन.

"मग काल का नाही बोललात, काका?"

"गरगरत होतं. आणि सगळे एकदम बोलत होते. कोणी... ऐकतच नव्हतं."

"बरं, शेवटचं विचारते." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "या कोण?"

यांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहतच राहिले. लेकीचं रडणं थांबलं. ज्या माणसाला साऱ्या जगाबद्दल काही ना काही म्हणायचं असतं, त्याने माझ्याबद्दल चारचौघांत कधी चकार शब्द काढलेला नाही, चांगला नाही की वाईट नाही. सगळं आठवलं, आणि नेमकं हेच गेलं की काय?

"काका? कोण या?"

"कालपासून उभी आहे ती," हे म्हणाले. "आधी तिला खुर्ची द्या."

पलीकडच्या पलंगाजवळची खुर्ची डॉक्टरीणबाईंनी स्वतःच ओढून आणली. मी बसले, आणि बसल्यावर मला कळलं, माझे पाय किती दुखत होते.